मिर्यामचे डास

मुलुंडच्या मराठी चर्चची शब्बाथ शाळा रविवारी सकाळी साडेआठला भरायची आणि तिचा लहान वर्ग मागच्या व्हरांड्यात बसायचा. तीन ते सात वर्षांची तीस-बत्तीस मुलं. एकाच्या चड्डीची नाडी सुटलेली, एकीला शू लागलेली, दोघांचं चित्राच्या कार्डावरून जुंपलेलं. या वर्गावर कुणी वर्षभरही टिकत नसे. वनमाला पगारे एकोणीस वर्षं टिकली होती.

एरवी ती भांडुपच्या एका रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. आठवडाभर कॉलरी आणि कफ कापायचे आणि शनिवारी चिंध्यांतून निवडून एक पुडकं घरी आणायचं. त्या चिंध्यांतून तिने अब्राहाम कापला होता, त्याचे उंट कापले होते, दाविदाच्या गोफणीला बुटाची नाडी लावली होती. योनाचा मासा काळ्या सॅटिनचा होता. लग्नाच्या कोटांची एक ऑर्डर आली होती, तिच्या अस्तरातून उरलेला. प्रत्येकाच्या पाठीला पॉलिश पेपरचा तुकडा डकवलेला. प्लायवूडवर जुनं निळं ब्लँकेट ताणून तिने फळा केला होता. त्यावर बाहुली टेकवली की ती तिथेच राहायची, आणि मुलांना वाटायचं, बाईंनी सांगितलं म्हणून राहते.

सगळ्या गोष्टींत तिची हातखंडा गोष्ट होती ती बाळ मोशेची. राजाने हुकूम काढला की इब्री लोकांचे मुलगे नदीत टाका. एका आईने आपलं बाळ तीन महिने लपवलं, मग लव्हाळ्याची पेटी विणली, तिला डांबर लावलं, आणि बाळाला आत निजवून पेटी नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवली. बाळाची बहीण मिर्याम दूर उभी राहून बघत राहिली. इथे वनमाला थांबायची. मिर्यामची बाहुली फळ्याच्या पार उजव्या टोकाला टेकवायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "लव्हाळ्यात काय असतं?"

"डास," मुलं म्हणायची.

"मिर्यामच्या हातावर डास बसलाय. मारायचा का?"

"नाही."

"का नाही?"

"आवाज होतो. बाळ उठतं. बाळ रडलं की शिपाई येतात."

मग ती सांगायची, करा हात पुढे. बत्तीस हात सरळ पुढे यायचे. ती ओठ मिटून गुंऽऽ असा बारीक आवाज काढत त्यांच्यामधून फिरायची आणि सावकाश दहा मोजायची. दहा होईपर्यंत कुणी हलायचं नाही, खाजवायचं नाही, हसायचं नाही. आत मोठ्यांच्या वर्गात बायबलातलं रोमकरांस पत्र चाललेलं असायचं, आणि तिथले लोक माना वळवून बघायचे, की मागे मुलं आहेत की गेली.

हे डास तिचे स्वतःचे होते. ती सहा वर्षांची असताना तिची आई मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायची. बांधाच्या कडेला तिवराच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत धाकटा जयवंत, आणि झोळीपाशी वनमाला. डास यायचे ते तिच्या पायांवर. चापट मारली की जयवंत दचकून उठायचा, तो उठला की मुकादम आईवर खेकसायचा. म्हणून तिने चापट मारायची नाही हे शिकून घेतलं. डास पोटभर पिऊन आपणहून उडतो, एवढं तिला त्या वयात कळलं होतं. जयवंत पुढे मॅट्रिक झाला, बँकेत लागला, डोंबिवलीत ब्लॉक घेतला. वनमालाची शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. तिने कधी कुणाजवळ त्याबद्दल तक्रार केली नाही. फक्त मिर्यामची बाहुली कापायची वेळ आली तेव्हा कारखान्यातली चिंधी न घेता आईच्या ट्रंकेतून त्या झोळीच्या लुगड्याचा हिरवा काठ काढला.

१९८६च्या जूनमध्ये अनुपमा आली.

आली म्हणजे परत आली. चर्चची घंटा वाजवणाऱ्या गुणाजी शेलारांची ही मुलगी. नगरला डी.एड. करून आली आणि घाटकोपरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागली. लहानपणी चार वर्षं ती याच व्हरांड्यात वनमालाच्या वर्गात बसली होती, पुढच्या रांगेत, अंगठा चोखत. आता तेवीस वर्षांची होती. खळ केलेली वायलची साडी, मनगटावर चौकोनी घड्याळ, आणि आवाज असा की माईक नको. पाळक चंद्रप्रकाश आढाव यांनी तिला लहान वर्गाला मदतनीस म्हणून दिली.

"वनमालाबाई, तुम्हाला तेवढाच आराम," ते म्हणाले.

आराम मागितला कुणी होता? अनुपमा वाकून म्हणाली, "सलाम, मावशी. ओळखलंत ना?" वनमालाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या केसांना शांपूचा वास आहे हेही लक्षात ठेवलं.

पहिल्या रविवारी अनुपमाने मुलांना एक गाणं शिकवलं, हातांच्या खुणांचं. दुसऱ्या रविवारी मुलं वर्गात शिरताच तेच गाणं मागू लागली. वनमालाला मुलं बाई म्हणत. अनुपमाला टीचर म्हणू लागली. टीचर, माझी वेणी. टीचर, हा मारतो. पूर्वी सुटलेली नाडी घेऊन पोरं वनमालाकडे यायची. आता ती हात पुढे करून उभी असायची आणि नाडी तिच्या समोरून पलीकडे जायची. असल्या गोष्टीचं माणूस वाईट वाटून घेत नाही. वनमालाने घेतलं.

ती मोजू लागली. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे सोडून कोण कुणाच्या बाजूला बसलंय ते मोजायची. ऑगस्टमध्ये अनुपमाकडे अकरा, आपल्याकडे एकोणीस. सप्टेंबरच्या शेवटी आपल्याकडे सात, त्यात दोन झोपलेली. गुणाजीची पाच वर्षांची नात नंदा, म्हणजे अनुपमाची भाची, तेवढी अजून वनमालाच्या पायाशी बसायची. पण ती जरा हट्टीच पोर होती, तिला मोजणं खरं नव्हतं.

कारखान्यात कापड कापताना तिचे ओठ हलायचे. शेजारची द्रौपदी एकदा म्हणाली, "काय गं, कुणाला शिव्या घालतेस?" वनमाला म्हणाली, वचन पाठ करतेय. हे खोटं होतं. ती अनुपमाशी बोलत होती.

मिर्यामची पुढची गोष्टही तिला ठाऊक होती. मोठेपणी मिर्याम त्याच भावाच्या विरुद्ध बोलली. देव काय फक्त मोशेशीच बोलतो, आमच्याशी बोलत नाही का, म्हणाली. आणि तिच्या अंगावर कोड फुटलं, सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवलं. ही गोष्ट वनमालाने मुलांना कधी सांगितली नाही. लहान मुलांची नाही ती, असं ती म्हणायची. हल्ली शास्त्र, म्हणजे बायबल, चाळताना ते पान आलं की ती दोन पानं एकदम उलटायची.

नोव्हेंबरमध्ये बालकांचा रविवार येतो. त्या दिवशी सगळी उपासना मुलं चालवतात आणि लहान वर्गाची शिक्षिका वेदीसमोर उभी राहून भरल्या मंडळीपुढे एक गोष्ट सांगते. एकोणीस वर्षं तिथे वनमाला आणि तिचा फळा उभा राहिला होता. त्यासाठी तिच्याजवळ एक वेगळी साडी होती, मोतिया रंगाची, वर्षातून एकदाच निघणारी. ऑक्टोबरच्या शेवटी पाळकांनी तिला बोलावून घेतलं. यंदा अनुपमाला संधी देऊ, म्हणाले; बाळ मोशेच घेतेय ती, तुमचीच गोष्ट, मुलांकडून करवून घेणार आहे. तुम्ही फळा लावा तिच्या मागे. आणि जानेवारीत दादरहून परीक्षक येतायत, त्यानंतर वर्ग कायमचा कुणाकडे द्यायचा ते कमिटी ठरवेल.

"आणि मी?" वनमालाने विचारलं.

"तुम्ही आहातच की," पाळक म्हणाले.

शनिवारी तिने चर्चमध्ये जाऊन फळा लावला. नदी लावली, लव्हाळे लावले, पेटी, बाळाला उचलून घेणारी राजकन्या, तिची दासी. मिर्याम मात्र तिने पाकिटात घातली आणि पाकीट ब्लाउजमध्ये. रविवारी सकाळी अनुपमा धावत आली, मावशी, मिर्याम सापडत नाहीये. वनमालाने डबा उलटा करून दाखवला. दोघींनी मिळून बाकांखाली शोधली. वनमाला अगदी गुडघ्यांवर बसून शोधत होती, आणि हिरव्या काठाचा पॉलिश पेपर तिच्या छातीला टोचत होता.

"जाऊ दे," अनुपमा म्हणाली. "नंदालाच करते मिर्याम. उलट बरं दिसेल."

आणि खरंच बरं दिसलं. तिथेच तर वाट लागली. खरी वेताची टोपली, तिच्यात नंदाच्या मावसबहिणीची बाहुली, निळी चादर दोन टोकांना धरून हलवणारी चार मुलं, आणि लांब खिडकीपाशी एकटी उभी नंदा, परकरातली. अनुपमा म्हणाली, "लव्हाळ्यात काय असतं?"

वनमाला तिसऱ्या बाकावर होती. तिने मान वर केली.

"मिर्यामच्या हातावर डास बसलाय. मारायचा का?"

शब्द न् शब्द तोच. थांबायच्या जागाही त्याच. नंदाने हात पुढे केला, मागून बाकीच्या मुलांचे हात पुढे आले, आणि मग पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनीही हसत हसत आपले हात पुढे केले. पुऱ्या चर्चमध्ये माणसं हात लांब करून गप्प बसली होती आणि अनुपमा गुंऽऽ करत मधल्या वाटेने चालत होती. वनमालाचे हात मांडीवर होते. तिने ते पदराखाली घेतले.

उपासना संपल्यावर चहाच्या वेळी पाळकांची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "काय झकास कल्पना गं तुझी, अनू. डास."

अनुपमा साधेपणाने म्हणाली, "माझी कसली? शास्त्रातच आहे ते."

वनमालाने कप बशीत ठेवला. ही पोर मस्करी करतेय की काय, असं तिला वाटलं. पण अनुपमाचा चेहरा स्वच्छ होता. चार वर्षांची असताना ऐकलेलं ते. डांबर, लव्हाळा, राजकन्या आणि डास, सगळं एका ओळीत आत गेलेलं. कुठला दाणा कुणी पेरला ते तिला कसं कळावं?

घरी येऊन वनमालाने भर दुपारी शास्त्र उघडलं. एकोणीस वर्षांत तिचीही खात्री जरा ढिली झाली होती. पण नव्हतं. डास नव्हते. ते सांगायचं म्हणजे उठून एवढंच म्हणायचं होतं, की ती कल्पना माझी आहे. पण तेवढंच म्हणणं म्हणजे आपण एकोणीस वर्षं देवाच्या वचनात पदरचं घालून मुलांना शिकवलं, हे मंडळीपुढे कबूल करणं. या मंडळीत एका कीर्तनकाराने बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांचा आकडा तीन सांगितला तर म्हातारे उभे राहून विचारायचे, शास्त्रात तीन कुठे म्हटलंय? वनमालाने शास्त्र मिटलं. आपली वस्तू चोरीला जावी आणि ती आपली म्हणायची सोय नसावी, असा हा प्रकार होता. चोरालाही ठाऊक नाही की चोरी झाली. त्यामुळे राग ठेवायला जागासुद्धा नीट मिळेना.

नाताळ आला आणि गेला. अनुपमाने मुलांकडून चांदण्या करवून घेतल्या. वनमालाने दोन रविवार ताप आल्याचं कळवलं आणि दोन्ही वेळा साडेआठ वाजता घरात बसून घंटा ऐकली. कुणीतरी विचारायला येईल असं तिला वाटत होतं. दुसऱ्या रविवारी अनुपमा आली, डब्यात करंज्या घेऊन. निदान तिला वाईट तरी म्हणता यायला हवं होतं; आता तीही सोय राहिली नाही.

परीक्षक आले ते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. अनंतराव पाटोळे, निवृत्त हेडमास्तर, गळाबंद कोट, हातात वही. वर्षातून एकदा ते उपनगरांतल्या सगळ्या शब्बाथ शाळा तपासत आणि सर्वांत चांगल्या लहान वर्गाला एक ढाल मिळे. ती मुलुंडला कधी मिळाली नव्हती. व्हरांड्यात खुर्ची ठेवली होती. मुलांच्या आया भिंतीला टेकून उभ्या होत्या, पाळक आणि त्यांची बायको बाकावर, अनुपमा मुलांच्या बाजूला. वनमाला हजेरीची वही घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. कमिटी आज संध्याकाळी ठरवणार हे तिला ठाऊक होतं. पोरं बिचकावीत, एकाने तरी भोकाड पसरावं, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटू नये असंही वाटत होतं.

पोरं बिचकली नाहीत. पेटी कशाची, लव्हाळ्याची. तिला काय लावलं, डांबर. बाळाचं नाव, मोशे. पाटोळे वहीत खुणा करत होते. मग त्यांनी विचारलं, पेटी पाण्यात ठेवल्यावर त्याची बहीण काय करत होती?

बत्तीस हात सरळ पुढे आले, आणि व्हरांडा चिडीचूप झाला.

पाटोळ्यांना वाटलं, सगळ्यांनाच उत्तर द्यायचंय. "शाब्बास. हात खाली घ्या. एकाने सांगा."

हात खाली आले नाहीत. मुलं त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होती, की हे काय विचित्र, मध्येच बोलतायत. ओळीत कुठेतरी कुणाचे तरी ओठ आकडे मोजत हलत होते. पाटोळे एकदा पाळकांकडे आणि एकदा मुलांकडे बघत राहिले. दहा झाले, हात पडले, आणि नंदा उभी राहिली.

"मिर्यामला डास चावत होता आणि ती मारत नव्हती."

"का बरं?"

"आवाज होतो. बाळ उठतं. शिपाई येतात."

"हे कुठे लिहिलंय, बेटा?"

"शास्त्रात," नंदा म्हणाली आणि बसली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही ठाऊक नसावं याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं.

भिंतीपाशी कुणी तरी हसलं. पाटोळे हसले नाहीत. त्यांनी अनुपमाला अध्याय काढून वाचायला सांगितलं. तिने आत्मविश्वासाने पान काढलं आणि वाचू लागली. पेटी, डांबर, लव्हाळे. मग एवढंच, की बाळाचं काय होतं ते बघायला त्याची बहीण दूर उभी राहिली. पुढच्या ओळीत राजकन्या आलीसुद्धा. अनुपमा थांबली. पुन्हा वरून वाचलं. पान उलटून बघितलं, परत आली. त्या ठिकाणी डास तर नव्हतेच, मिर्याम हे नावही नव्हतं. नुसती बहीण.

"पुढे गोमाशांची पीडा आहे," पाटोळे म्हणाले. "पण ती फार पुढे."

अनुपमाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वनमालाने ते पाहिलं आणि तिच्या छातीत काहीतरी गार गार पसरलं, उन्हात कलिंगडाची फोड तोंडात घेतल्यासारखं. आता हिचा वर्ग गेला. काही बोलावं लागलं नाही, काही करावं लागलं नाही. नुसतं बसून राहायचं, डास पोटभर पिईपर्यंत.

तेवढ्यात अनुपमाने मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एकोणीस वर्षांपूर्वीचा व्हरांडा होता. तिला आठवलं होतं, कुणाचा आवाज, कुणाचं गुंऽऽ. वनमालाने खाली हजेरीच्या वहीत बघितलं.

"चूक माझी आहे, सर," अनुपमा म्हणाली. "मी पदरचं घातलं."

पाटोळ्यांनी वही मिटली. मुलांकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले की शास्त्रात भर घालणं बरोबर नाही, ते तर लिहावंच लागेल. पण तीस वर्षं परीक्षा घेतोय, लहान वर्ग इतका गप्प बसलेला कधी पाहिला नाही. ती बहीण तिथे उभी आहे हे आजवर आपणही नुसतं वाचत आलो. आज ती दिसली.

"हे डास तुझ्या डोक्यातून निघाले का गं, पोरी?"

अनुपमाने पुन्हा वनमालाकडे पाहिलं नाही. "हो," ती म्हणाली.

स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. वनमाला उभी होती. आपण कधी उठलो ते तिला कळलं नव्हतं.

"ते डास माझे आहेत," ती म्हणाली.

सगळे वळले.

"तुमचे म्हणजे?"

"माझे. एकोणीस वर्षं मी सांगते. हिला पण मीच सांगितले, ही एवढीशी होती तेव्हा. हिच्या डोक्यातून काही निघालेलं नाही."

"बाई, तुम्ही शास्त्रात भर घालता?"

"घालते," वनमाला म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "नगरला नाही शिकवत ते. तिवरात उभं राहावं लागतं."

नंदा मोठ्या डोळ्यांनी बाईंकडे बघत होती; शास्त्रातले डास बाईंचे कसे, हे तिला समजत नव्हतं. पाटोळ्यांनी वही उघडून काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर नळापाशी अनुपमा तिला गाठून म्हणाली, "मी तुमचं नाव कधीच घेतलं नसतं, मावशी."

"ठाऊक आहे मला," वनमाला म्हणाली. "म्हणूनच उठले."

अनुपमाला ते कळलं की नाही कोण जाणे. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, नळ चालू ठेवून.

ढाल चेंबूरला गेली. कमिटीने लहान वर्ग अनुपमाकडे दिला आणि वनमालाबाईंनी हजेरी घ्यावी, कार्डं वाटावीत, असं ठरवलं. यापुढे जे लिहिलंय तेवढंच शिकवायचं, हेही ठरवलं. घंटेच्या दोरीपाशी गुणाजीने तिला हळूच सांगितलं, की म्हाताऱ्यांपैकी दोघं म्हणत होते, असू द्या ते डास. पण दोघांच्या म्हणण्याने काय होतं?

पुढच्या रविवारी ती जाणार नव्हती. आठ वाजेपर्यंत तिने तसं पक्कं ठरवलं होतं. मग साडी नेसली.

व्हरांड्यात फळा लावलेला होता. निळं ब्लँकेट, लव्हाळे, पेटी. चुकलेला धडा पुन्हा नीट घ्यायचा, असं पाळकांनी सांगितलं होतं. अनुपमाने तिला पाहिलं, पण फळा लावायचं काम न थांबवता म्हणाली, "मावशी, मिर्याम अजून सापडली नाही."

वनमालाने पाकीट काढलं. मिर्याम जरा चुरगळली होती, हिरव्या काठाला आडवी घडी पडली होती. "माझ्याकडे होती," ती म्हणाली. कधीपासून ते सांगितलं नाही, आणि अनुपमाने विचारलं नाही. तिने बाहुली घेतली, अंगठ्याने घडी दाबली आणि फळ्यावर टेकवली.

वनमालाने हजेरी घेतली. बत्तीसपैकी तीस. मग ती आपल्या स्टुलावर बसली. अनुपमाने गोष्ट सांगितली, लिहिली आहे तेवढी. बहीण दूर उभी राहिली, असं म्हणाली आणि थांबली. मुलंही थांबली. तीस माना वळून कोपऱ्याकडे बघू लागल्या.

"शास्त्रात एवढंच आहे," अनुपमा म्हणाली. "आता जे करायचं ते शास्त्रातलं नाही. ते वनमालाबाईंचं आहे. कळलं? कुणी विचारलं तर तसंच सांगायचं."

एवढं झाल्यावर माणसाने शांत व्हायला हवं. वनमालाने तसा प्रयत्नही केला. पण तिची नजर फळ्यावर गेली, आणि राहवेना. ती उठली, पुढे गेली, आणि मिर्यामला उचलून पार उजव्या टोकाला नेऊन टेकवलं.

"फार जवळ लावलीस," ती म्हणाली. "दूर म्हटलंय. लिहिलंय तेवढं तरी नीट लाव."

"चुकलं, मावशी," अनुपमा म्हणाली. मग मुलांना म्हणाली, करा हात पुढे.

हात पुढे आले. अनुपमा गुंऽऽ करत त्यांच्यामधून निघाली आणि मोजू लागली. वनमाला स्टुलावर येऊन बसली आणि मनातल्या मनात मोजू लागली. हिला घाई फार. डास असा पटकन उडत नाही. वनमाला सहावर होती तेव्हा अनुपमाचे दहा झाले आणि सगळे हात खाली पडले.

नंदाचा हात मात्र तसाच पुढे होता. ती टीचरकडे बघत नव्हती. तिची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे होती, बाईंचे ओठ हलताहेत का ते बघत.

सात, वनमालाने मोजलं. आठ.